पूर्णविराम कुठे द्यायचा?

यंदा आपल्या वार्षिकाच्या मराठी विभागाकडे कविता नेहमीसारख्या पोत्यानं आल्या, पण कथाही बऱ्याच आल्या. चाळीसच्या वर. विभागाचा विद्यार्थी संपादक या नात्यानं त्या सगळ्या मी वाचल्या. काही दोनदा वाचल्या, कारण पहिल्या वेळी कोण कोणाशी बोलून राहिलं तेच कळत नव्हतं. वाचता वाचता एक लक्षात आलं, की आपल्या पोरापोरींकडे सांगायला भरपूर आहे. उमरखेडपासून वणीपर्यंतची माणसं, शेतं, एस.टी. स्टँड, मेसची पातळ डाळ, सगळं त्यात आहे. अडतं ते दुसरीकडेच. दहावीनंतर आपला आणि मराठीच्या पुस्तकाचा संबंध जवळजवळ सुटतो. 'कथानक', 'निवेदक', 'अर्धविराम' हे शब्द 'टीपा लिहा, गुण दोन' इथपर्यंतच आपल्याला माहीत. पेपर झाला, शब्द संपले.

म्हणून सरांनी सुचवलं, की या अंकात कथा निवडण्यासोबतच कथेचे सुटे भागही एकदा समजावून सांग. मी मेकॅनिकलचा. साहित्याचा पंडित नाही. पण यंत्र उघडून आत काय फिरतंय ते पाहायची सवय आहे, त्याच नजरेनं लिहितो. पटलं तर घ्या.

सगळ्यात छोट्या पार्टपासून सुरुवात करू. हे वाक्य बघा:

विद्यार्थी म्हणाले सर ढ आहेत

आता विरामचिन्हं टाका. विद्यार्थी म्हणाले, "सर ढ आहेत." झालं, सगळा वर्ग उद्या एचओडींच्या केबिनबाहेर उभा. आता तीच पाच अक्षरशः तेच पाच शब्द ठेवून चिन्हं हलवा: "विद्यार्थी," म्हणाले सर, "ढ आहेत." एकही शब्द बदलला नाही, मागेपुढे झाला नाही, तरी ढ कोण ते बदललं. ही गंमत मराठीत विशेष जमते, कारण 'म्हणाले' आणि 'आहेत' ही रूपं अनेकांनाही चालतात आणि आदरार्थी एकालाही. म्हणजे क्रियापद मदतीला येत नाही. सगळा भार चिन्हांवर पडतो.

दुसरं उदाहरण रोजचं. रात्री घरून फोन येतो आणि आई एकच शब्द बोलते. 'जेवला?' हा प्रश्न झाला. 'जेवला!' म्हणजे साडेअकराला जेवला याचं आश्चर्य. 'जेवला...' म्हणजे तिला माहीत आहे की पोरगा खोटं बोलतोय. फोनवर हे आवाजातून कळतं. कागदाला आवाज नसतो. त्याच्याजवळ आहेत ती ही चारदोन चिन्हंच.

ही चिन्हं मराठीत पूर्वापार नव्हती, हे मला या लेखाच्या निमित्तानं वाचताना कळलं आणि नवल वाटलं. मोडी लिपीत तर दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. आधी पानभर आडव्या रेघा मारायच्या आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत, हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचं. तुमच्या घरी ट्रंकेत पणजोबांच्या वेळचं मोडी खरेदीखत असेल तर काढून बघा. कुठं थांबायचं हे वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं ठरवायचं. बाळबोध लिपीतल्या पोथ्यांत ओवी-श्लोक संपला की एक किंवा दोन उभे दंड, बस्स.

आज आपण वापरतो ती चिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रजाला दिलं जातं. हा माणूस लष्करातला. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात तो होता, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोशही त्याच्या नावावर आहे. १८५० मध्ये त्यानं 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं पुस्तक काढलं. इंग्रजीतली चिन्हं मराठीला कशी लावायची, ते त्यात सांगितलं. आपला पूर्णविराम इंग्रजी टिंबासारखा आहे, तर हिंदीवाल्यांनी उभा दंड ठेवला, हे तुम्ही सीमेपलीकडे आदिलाबादकडे नाही, पण नागपूरकडे हिंदी पेपर वाचताना पाहिलंच असेल. शेजारच्या दोन भाषा, लिपी एकच, आणि वाक्य थांबवायच्या खुणा दोन.

मग त्याआधीचे लोक गोष्ट सांगत नव्हते काय? सांगत होते, आणि झकास सांगत होते. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात तो 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी सिद्ध केला, तो आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला. मराठी भाषा विद्यापीठ आता तिथंच स्थापन झालं आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या आठवणी लहान लहान प्रसंगांत आहेत. अवतरणचिन्ह नाही, प्रश्नचिन्ह नाही, पण कोण बोललं याचा घोळ होत नाही. कारण 'म्हणितलें' हा शब्द जागोजागी येऊन अवतरणचिन्हाचं काम करतो, आणि वाक्यं छोटी आहेत. म्हणजे चिन्ह नसेल तर त्याचं काम शब्दाला करावं लागतं. आपल्याकडे आलेल्या कथांत अडचण अशी, की चिन्हही नाही आणि 'म्हणाला'ही नाही.

आता एकेक चिन्ह झटपट. पूर्णविरामाला समजवायची गरज नाही, वापरायची आहे. स्वल्पविराम म्हणजे घोटभर पाणी. अर्धविराम हा सगळ्यात दुर्लक्षित प्राणी. दोन वाक्यं स्वतःच्या पायावर उभी आहेत, पण त्यांना एकमेकांपासून फार लांब न्यायचं नाही तेव्हा तो येतो. 'पावसानं दडी मारली; पेरणी थांबली.' इथं पूर्णविराम दिला तर दोन बातम्या होतात, अर्धविराम दिला तर एकच संकट राहतं. सी प्रोग्रॅमिंगमध्ये हाच अर्धविराम आपल्याकडून रोज हजार वेळा टाकला जातो, आणि मराठीत चार पानांत एकदा नाही. (तिथं तो विसरला की कंपायलर बहुतेक वेळा चूक पुढच्या ओळीवर दाखवतो. कथेतही तसंच असतं: वाचणारा अडखळतो एका ठिकाणी, बिघाड असतो त्याच्या आधी.)

दुहेरी अवतरण बोलण्याला, एकेरी अवतरण एखाद्या शब्दावर बोट ठेवायला किंवा पुस्तकाच्या नावाला. छोटी आडवी रेघ जोडते, तिचं नाव संयोगचिन्ह: आई-बाबा, ये-जा. लांब आडवी रेघ म्हणजे अपसारणचिन्ह, ती तोडते. बोलता बोलता माणूस थबकला की ती येते. तीन टिंबं म्हणजे लोपचिन्ह, काहीतरी गाळलं किंवा बोलवलं नाही याची खूण. टिंबं तीनच. एका कथेत मी सलग एकोणतीस मोजली. एवढं काय गाळलं होतं, देव जाणे. उद्गारचिन्हाचंही तेच. तीन तीन उद्गारचिन्हं एका वाक्यामागं लावली की वाचणाऱ्याला वाटतं, लेखक कानाशी ओरडून राहिला.

एक खास कॉम्प्युटरवाल्यांसाठी. 'दुःख' लिहिताना विसर्ग द्यायचा. बरेच जण घाईत तिथं अपूर्णविराम म्हणजे कोलन टाकतात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, मशीनला नाही. युनिकोडमध्ये विसर्गाचा क्रमांक वेगळा, कोलनचा वेगळा. कोलन घालून लिहिलेलं दुःख नंतर शोधायला गेलात तर सापडत नाही.

एवढ्याशा खुणेनं काय होतं, असं अजूनही वाटत असेल तर आपल्या धंद्यातली गोष्ट सांगतो. २२ जुलै १९६२ ला अमेरिकेनं शुक्राकडे मरिनर-१ हे यान सोडलं. रॉकेट भरकटलं आणि उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी ते मुद्दाम उडवून द्यावं लागलं. मार्गदर्शनाच्या समीकरणात एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ उतरवून घेताना सुटली होती, हे त्यातलं एक कारण. पेपरवाल्यांनी तिला 'हायफन' म्हणून प्रसिद्ध केलं, खरं तर ती सरासरीची खूण होती. आणि अमेरिकेतच मेन राज्यात एका डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी खटला लढला. कायद्यातल्या कामांच्या यादीत शेवटच्या 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता, त्यामुळं माल पोचवणं हे ओव्हरटाइममधून वगळलेलं काम आहे की नाही हेच कळेना. २०१७ मध्ये कोर्टानं ड्रायव्हरांच्या बाजूनं कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडची 'ध'चा 'मा' ही नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका तर सगळ्यांना पाठ आहे. तिथं अक्षर बदललं, एवढाच फरक.

असो. चिन्हांवर फार वेळ गेला. आता कथेकडे.

घटना एकामागून एक सांगितल्या की गोष्ट होते. कथानक होत नाही. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ मध्ये हा फरक नीट मांडला. त्याचं उदाहरण राजाराणीचं आहे, मी आपलं हॉस्टेलचं देतो. 'मेसचे काका गावी गेले. मग हॉस्टेल रिकामं झालं.' ही गोष्ट. 'मेसचे काका गावी गेले, म्हणून पोरं बाहेर जेवू लागली, महिनाअखेरीला बाहेरचं परवडेना, म्हणून हॉस्टेल रिकामं झालं.' हे कथानक. 'मग' आणि 'म्हणून' यातला फरक आहे हा. स्वतःची कथा तपासायची सोपी रीत सांगतो: प्रत्येक प्रसंगाच्या आधी 'म्हणून' किंवा 'पण' बसतो का ते बघा. नुसता 'मग' बसत असेल तर तो प्रसंग काढून टाकला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

कथानकाचा आलेख काढायची हौस फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पाच अवस्था आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकानं १८६३ मध्ये नाटकाचा चढ-उतार त्रिकोणासारखा काढून दाखवला. मराठीत ना. सी. फडक्यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधन'मध्ये कथा-कादंबरीचं तंत्र सविस्तर सांगितलं, आणि पुढं गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर या नवकथाकारांनी त्या तंत्राची चौकट मोडून दाखवली. मला स्वतःला वाटतं की चौकट आधी माहीत असावी, मग मोडावी.

पण आपल्यासाठी सगळ्यात सोयीचा आलेख सेकंड इयरच्या लॅबमध्येच आहे. यूटीएमवर माइल्ड स्टीलचा तुकडा ओढतो ना, त्याचा स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह. आधी सरळ रेघ: ताण वाढतो, पण सोडला तर तुकडा पूर्ववत. मग यील्ड पॉइंट: इथून पुढं काहीतरी कायमचं बदललं. मग वर वर जात सर्वोच्च बिंदू. आणि नीट बघा, तुकडा सर्वोच्च बिंदूला तुटत नाही. आलेख थोडा खाली येतो, तुकड्याची मान बारीक होते, आणि मग तो तुटतो. कथेतही उत्कर्षबिंदू आणि शेवट या दोन वेगळ्या जागा आहेत. आपल्याकडे आलेल्या निम्म्या कथा सर्वोच्च बिंदूलाच संपतात, कारण लिहिणाऱ्याला वाटतं की तुटण्याचा आवाज झालाच पाहिजे.

स्थळ-काळाबद्दल दोनच गोष्टी. एका कथेत नायक शकुंतला रेल्वेनं यवतमाळहून मूर्तिजापूरला जातो आणि खिडकीत बसून मोबाईलवर रील बघतो. शकुंतला बंद पडून वर्षं झाली बाप्पा, रील आले त्याच्या नंतर. दुसऱ्या कथेत जून महिन्यात शेतात पांढराशुभ्र कापूस फुटलेला आहे. हे लिहिणारा शेतकऱ्याच्याच घरचा आहे, हे मला माहीत आहे. जूनमध्ये काय असतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, पण लिहायला बसला की शेत डोळ्यापुढं न येता पाठ्यपुस्तकातलं चित्र येतं. 'पांढरं सोनं' हे रूपकही तसंच. कोण्या एकानं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते चमकलं असेल, आता ते वापरून वापरून गुळगुळीत झालं. उपमा म्हणजे 'सारखं' म्हणणं, रूपक म्हणजे 'तेच' म्हणणं, प्रतिमा म्हणजे वस्तूच अशी दाखवणं की ती डोळ्यापुढं उभी राहावी. नवशिक्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत. कापूस सोन्यासारखा आहे हे सांगू नका. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना बोंडाचं टोक कसं टोचतं ते सांगा.

निवेदक म्हणजे सांगणारा. लेखक नव्हे, सांगणारा. 'मी' नं सांगितली की प्रथमपुरुषी, 'तो-ती' नं सांगितली की तृतीयपुरुषी. प्रथमपुरुषी निवेदकाला त्याच्या डोळ्यापुढचं तेवढंच दिसतं, ही त्याची ताकद आणि हीच त्याची अडचण. एका प्रेमकथेत 'मी' शेवटच्या पानावर बाइकच्या अपघातात मरतो, आणि त्यानंतर दीड पान 'ती' कशी रडली याचं वर्णन तोच करतो. भुताची कथा असती तर चाललं असतं.

संवादाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायचं आहे. आपल्या कथांतली आई म्हणते, "बाळा, आता अभ्यास पुरे, विश्रांती घे." कोणाची आई असं बोलते? माझी तर म्हणते, "झोप न बापा आता, किती वाचून राहिला." 'वाचून राहिला', 'काहून', 'मले-तुले' हे कथेत लिहायची पोरांना लाज वाटते, पुण्या-मुंबईचा वाचक हसेल म्हणून. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० मध्ये आली. शिंपीकाम करणाऱ्या महादेवची बायको कौतिक, तिचं दारिद्र्याशी झगडणं, आणि माणसांच्या तोंडी थेट वऱ्हाडी. मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात. कोणी हसलं नाही. आणि आपल्या यवतमाळात दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे. लाज वाटून घ्यायचं कारण दिसत नाही. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा हवं तर, पण माणसाला त्याच्या तोंडानं बोलू द्या.

आता पात्र. या शब्दाला आपल्या जिल्ह्यात दोन अर्थ आहेत. मराठीच्या बाईंनी शिकवलेला एक, आणि पेपरात येतो तो दुसरा: शेतकरी आत्महत्येची इतकी प्रकरणं पात्र, इतकी अपात्र. मदत द्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीचा तो शब्द. कथेतलं पात्र आणि यादीतलं पात्र यात फरक असा, की यादीत माणसाची एकच गोष्ट विचारतात. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज किती. कथेत त्याला बिडी कोणत्या छापाची आवडायची तेही यावं लागतं.

हे लिहायचं कारण असं, की आलेल्या कथांपैकी अकरा कथांचा शेवट शेतकरी बापाच्या आत्महत्येनं होतो. विषय आपला आहे. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं, तेव्हापासून हा विषय या जिल्ह्याच्या पाठीशी लागला आहे, आणि आपल्या हॉस्टेलमध्ये अशी मुलं आहेत ज्यांच्या घरी हे घडलं आहे. त्यांनी लिहावं, आणि त्यांना मी तंत्र शिकवणार नाही. पण अकरापैकी बऱ्याच कथांत बाप हा माणूस म्हणून येतच नाही. तो पहिल्या पानावर आकाशाकडे बघतो आणि शेवटच्या पानावर मरतो. मधल्या पानांत कर्ज असतं, पात्र नसतं.

त्यातली एक कथा सेकंड इयरच्या एका पोराची. नाव सांगत नाही, त्यानंच नको म्हटलं. चार पानं, एकही पूर्णविराम नाही. मोडीच म्हणा ना. त्याला रात्री रीडिंग रूममध्ये बोलावलं आणि म्हटलं, तूच वाच मोठ्यानं. तो वाचू लागला आणि मी पेन्सिल घेऊन बसलो. तो जिथं श्वास घ्यायचा तिथं स्वल्पविराम, आवाज खाली आणून थांबायचा तिथं पूर्णविराम. एका जागी तो बराच वेळ थांबला. तिथं मी नवा परिच्छेद पाडला.

कथेत बाप भाड्याच्या गाडीत कापूस घेऊन खरेदी केंद्रावर जातो. रांगेत दोन रात्री काढतो. हमीभावाच्या खरेदीत कापसातला ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, आणि १२ च्या वर गेला तर माल घेत नाहीत. मीटर १३ दाखवतं. हा त्या कथेचा सर्वोच्च बिंदू, आणि त्यानं तो सुरेख लिहिला होता: मीटरची काडी गाठोड्यात खुपसतात, बाप आकड्याकडे न बघता माणसाच्या तोंडाकडे बघतो. मग गाडी परत फिरते, आणि पुढच्या चार ओळींत बाप संपतो.

मी विचारलं, "हे खरंच झालं का?"

"नाई न दादा. बाबा हायेत. पण आपल्या इकडची कथा म्हटल्यावर शेवट तसाच तर असते."

"मग खरं काय झालं?"

"काई नाई. दुसऱ्या दिवशी खासगीत इकला, पडल्या भावात. घरी आले, पाय धुतले, आईले म्हणे वाढ. जेवता जेवता मले म्हणे, तुह्या मेसचे पैसे सोमवारी टाकतो."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, हेच लिही, आणि 'टाकतो'च्या पुढं पूर्णविराम दे. तो म्हणाला, इथं संपली असं वाटणार नाही. मी त्याला माइल्ड स्टीलचा आलेख काढून दाखवला. आमचं तासभर भांडण झालं. त्याचं म्हणणं, वाचणाऱ्याला रडू आलं पाहिजे. माझं म्हणणं, सोमवारी पैसे येणार हे वाचून मला आलं. दोन दिवसांनी त्यानं कथा पुन्हा लिहून आणली. शेवट बदललेला होता, आणि मेसच्या पैशांची रक्कमही घातली होती, जी मला सुचली नसती. त्याला एकच काळजी होती: अंक घरी गेला आणि बाबांनी वाचला तर? म्हणून ती कथा या अंकात लेखकाच्या नावाशिवाय छापली आहे. गावाचं नावही काढलं आहे. कोणाची, हे कृपया हॉस्टेलमध्ये शोधत बसू नका.

पुढच्या अंकासाठी कथा देणाऱ्यांना काही सूचना. हातानं लिहीत असाल तर कागदाच्या एकाच बाजूला लिहा, पानांवर आकडे टाका, कारण गेल्या आठवड्यात पंख्याच्या वाऱ्यानं दोन कथा एकमेकींत मिसळल्या आणि प्रेमकथेतली नायिका तहसीलमध्ये सातबारा काढायला गेली. टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमध्ये केलेलं आमच्याकडे उघडलं की नुसते चौकोन दिसतात. द्यायच्या आधी एकदा रूममेटला मोठ्यानं वाचून दाखवा. तो झोपला तर कुठल्या ओळीला झोपला ते लिहून ठेवा. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही तपासतो. पूर्णविराम मात्र तुमचे तुम्ही द्या. कथा लायब्ररीच्या काउंटरवरच्या खोक्यात टाकायच्या, दिवाळीच्या सुट्टीआधी. कविता सध्या पुरेशा आहेत.